पाळण्यातलं नाव

प्रयागमावशी कुणाकडे गायला गेली की चहाच्या आधी गादी उचलून पाहायची. मग उशा, मग दिवाणाखालची ट्रंक. यजमानीण ओशाळून उभी, आणि तिच्यामागे मी लाजेने अर्धी झालेली. "टेप तं नाई ना वं कुठं?" असं विचारायची, आणि नाही म्हटलं तरी पाहायचीच.

ही माझ्या आईची धाकटी बहीण. नागपूरच्या इंदोऱ्यात राहायची, बारशाला, लग्नाला, जयंतीला भीमगीतं गायची. पेटीवर देवराव, ढोलकीवर मिळेल तो, आणि मागून झील धरायला मी. तिने स्वतः रचलेला एक पाळणा होता. शेवटच्या कडव्यात ज्याचं बारसं असेल त्या बाळाचं नाव ती गुंफायची, आणि नाव आलं की घरच्या बायका डोळे पुसायच्या. तिची चूल त्या पाळण्यावर पेटत होती.

आधी ती अशी संशयी नव्हती. शहाऐंशी साली मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आला, पाळणा ऐकून खूश झाला, रेकॉर्डिंगचा दिवस ठरला. मावशीने नवं लुगडं घेतलं. आणि नेमका आदल्या संध्याकाळी तो बर्डीच्या बाजारात फिरायला गेला, तर फुटपाथवर मावशीचाच पाळणा दहा रुपयांना! कॅसेट घेऊनच परत आला. "बाजारात आहेच, मग आमची कोण घेणार?" वर समजूतही घातली, की बाई, जगभर हेच चाललंय, लंडन-अमेरिकेच्या गायकांनाही चोर सोडत नाहीत.

"त्यायले पोट भराले आणखी काई असन," मावशी म्हणाली. "माह्यापाशी एकच पाळणा हाय."

जाता जाता तो म्हणाला, "पेटी मात्र फार स्पष्ट आली आहे." झालं! टेप पेटीजवळ होता, म्हणजे चोर देवराव. मावशीने ती कॅसेट ऐकलीसुद्धा नाही. चोरीचा माल कानात घालायचा नाही, अशी शपथ घेतली आणि मलाही घ्यायला लावली. त्या शपथेचा मला आजही राग येतो.

देवराव म्हणजे मावशी विधवा झाल्यावर, लोक नावं ठेवत असताना, तिच्यासोबत पेटी घेऊन उभा राहिलेला माणूस. त्याला ती आता चारचौघांत म्हणू लागली, "देवराव, झाकन उघडा." तो उघडायचा. पेटीच्या पोटात टेप मावत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण संशयी माणसाला काडेपेटीतही चोर दिसतो. कामठीच्या एका लग्नात वऱ्हाडी खो खो हसले. देवरावने झाकण लावलं, पेटी खांद्यावर घेतली. "बाई, आता दुसरा पाहा," एवढंच बोलला आणि गेला.

मावशीला त्यातही पुरावा दिसला. "पाह्यलं? खरा असता तं भांडला असता."

पुढे बोलावणीच आटली. दहा रुपयांत मावशी घरात येत होती, शिवाय गाद्या उचलत नव्हती. मग कोण बोलावणार? मावशी विड्या वळायला लागली.

अशात हुडकेश्वरला नात्यातल्या एका बारशाला आम्ही गेलो, नुसत्या जेवायला. पोराचं नाव मिलिंद ठेवलं आणि कुणीतरी टेप लावला. शपथ घेतली तरी कान मिटता येत नाहीत. मावशीचाच आवाज, मागून माझी झील, आणि शेवटच्या कडव्यात नाव आलं, सुगत.

"पोरगा मिलिंद अन् हे सुगत काहून?" मी विचारलं.

"गान्यातच हाय वं ते," एक बाई म्हणाली. "सगळ्याच लेकरायले हेच वाजवते."

मावशीचा घास हातातच राहिला. सुगत हा तिचा नातू, मौद्याला दिलेल्या लेकीचा मुलगा. त्या नावाने ती एकदाच गायली होती, लेकीच्या घरी.

आम्ही तिथूनच मौदा गाठलं. जावई चंद्रभान मावशीला पाहताच पांढरा पडला. "आई, तुमाले भेट द्याची म्हून पाळन्यामागं टेप ठेवला होता. बर्डीच्या एका दुकानात दुसरी कॅसेट भराले देल्ली, त्यानं एक आपल्यापाशी ठेवून घेतली असन. बाजारात आयकली तवा तुमच्यापुढं तोंड उघडाची हिंमत नाई झाली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! साऱ्या नागपूरच्या गाद्या उचलल्या, लेकीची तेवढी सोडली.

मावशी त्याला रागावली नाही. फक्त विचारलं, "देवरावले माहीत होतं?"

चंद्रभानने मान खाली घातली. "टेपाले जागा व्हावी म्हून पेटी त्यायनंच सरकवली होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही देवरावच्या दारात उभ्या. मावशीने विचारलं, "सांगतलं काहून नाई?"

"लेकीचं घर होतं, बाई."

त्याने फळीवरची पेटी काढली, धूळ पुसली, सतरंजीवर ठेवली. मला वाटलं, आता सूर धरेल. त्याने आधी झाकण उघडलं आणि पेटी मावशीकडे वळवली. "पाहून घ्या."

तो टोमणा होता की सवय, मला अजून कळलेलं नाही. मावशीने दोन्ही हातांनी झाकण लावलं आणि त्या झाकणावरच डोकं टेकून रडली.