खाच पडलेली लादी

आमच्या गिरगावातल्या घराच्या लाद्या बदलायला आलेल्या मिस्त्रींनी दारातच चपला काढल्या आणि थापीच्या दांड्याने एकेक लादी वाजवून पाहिली. आवाज पोकळ आला की ते खडूने फुली मारत. मी आलेखाच्या कागदावर काढलेला आराखडा त्यांनी आदराने पाहिला आणि घडी घालून परत दिला.

"छान आहे, सर. आता घरातल्या सगळ्यांना जरा अनवाणी चालायला सांगा."

मी चाललो, पत्नी चालली. शेवटी वडील निघाले. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. तरीही न्हाणीघरापर्यंत ते कोणाचा हात धरत नाहीत. तेवढा एकच हट्ट त्यांच्याकडे उरला आहे. मिस्त्री त्यांच्या पावलांकडे पाहत राहिले.

काम संपल्यावर मी रीतसर तपासणी केली. नव्या गुळगुळीत लाद्यांमध्ये एक जुनी, खाच पडलेली लादी होती. मी आराखड्यातल्या त्या चौकोनावर पेन्सिलीने फुली मारली.

"मिस्त्री, ही बदलायची राहिली."

"राहिली नाय, सर. ठेवलीय."

"विजोड दिसते."

"दिसू दे की. ज्यांच्यासाठी ठेवलीय, त्यांची काय तक्रार नाय."

तेवढ्यात वडील खोलीतून बाहेर आले. नव्या जमिनीवर ते गोंधळले आणि आधारासाठी भिंत चाचपू लागले. पाऊल त्या खाचेवर पडताच त्यांनी हात खाली घेतला आणि ते बरोबर डावीकडे, न्हाणीघराकडे वळले.

मिस्त्री चपला घालू लागले. मी खोडरबर शोधू लागलो.