दोष बंदुकीचा होता तोवर

नागपुरात बेसा इथल्या आमच्या फ्लॅटमध्ये लोखंडी कपाटात एक रायफल आहे. तिचं लोखंड लाकडी दस्त्यात इतकं पक्कं बसलंय की केसभर हलत नाही. ते काम माझ्या हातचं. पाहणारे कौतुक करतात आणि मला स्वतःचा राग येतो.

नवरा उभं आयुष्य स्पर्धांमध्ये रायफल चालवत आला. ही माझी सवत, अशी मी पाहुण्यांना तिची ओळख करून द्यायची. मागच्या वर्षी यांच्या गोळ्या भरकटू लागल्या. आधी वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसायच्या, त्या ताटभर पसरायला लागल्या. हे म्हणाले, "दस्ता वाळला. आत लोखंड हलून राहिलं. बेडिंग करा लागते." बेडिंग म्हणजे लोखंड जिथे लाकडाला टेकतं तिथे इपॉक्सीचा थर द्यायचा, म्हणजे त्याला आपल्या मापाची बैठक मिळते.

लाकूड वाळलंही असेल. नागपूरच्या उन्हाळ्यात दारंसुद्धा चौकटीत खुळखुळतात. पण मला सकाळी चहाची बशी खुळखुळताना ऐकू यायची. यांच्या वडिलांचा हात असाच हलायला लागला होता, आणि शेवटी शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी डॉक्टरचं नाव काढलं की हे भडकायचे. एकदा वैतागून म्हणाले, "आधी बंदूक ठीक करू. मंग बी गोळ्या हुकल्या, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. घरी त्या विद्येचा उपयोग मिठाईतला खवा खोटा की खरा हे ओळखण्यापुरताच. आता मात्र हे मला घेऊन इतवारीच्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "काय चिकटवाचं हाय, मॅडम?"

"चिकटवायचं नाहीच. चिकटलं तर घोळ होईल."

"मंग इपॉक्सी काहून घेता?" असं म्हणून त्याने यांच्याकडे पाहिलं, घरात सगळं ठीक आहे ना अशा नजरेने.

तरी त्याने काउंटरवर सगळं मांडलं. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या नळ्या, संगमरवराच्या फटी भरायचं इपॉक्सी, नळवाल्यांची लांबी म्हणजे पुट्टी, आणि पोलादाची पूड घातलेला एक डबा. पाच मिनिटांचं तापतं आणि आकसतं, शिवाय आमच्या उन्हात ते कालवता कालवताच दगड होणार. संगमरवराचं फार पातळ, ओघळून जाईल. लांबीत खडूच जास्त. उन्हाळ्यात ढिली पडेल. मी वर्गात सांगावं तसं सांगत होते, मजा येत होती. तेवढ्यात हे खाली मान घालून म्हणाले, "सगळ्यात हळू घट्ट होणारं कोणतं हाय, ते घे. मले वेळ लागते आता."

मी डब्यावरची अक्षरं वाचत राहिले. एकही दिसत नव्हतं. म्हणजे यांना सगळं माहीत होतं, माझ्याआधीपासून.

तेव्हाच मी ती लांबी उचलायला हवी होती. वर्षभरात ढिली झाली असती, आणि आणखी एक उन्हाळा दोष बंदुकीच्या माथी मारता आला असता. पण जन्मभर योग्य उत्तराला टिकमार्क करणारी बाई मी. जाणूनबुजून चुकीचं रसायन उचलायला हात धजेना. मी पोलादाच्या पुडीचा डबा घेतला.

रविवारी कूलर बंद करून बसलो, कारण त्याच्या ओलसर हवेत इपॉक्सीला चिकट साय धरते. घामाने निथळत होतो. लोखंड चिकटू नये म्हणून हे त्याला बुटाचं पॉलिश लावत होते. कुठे थर बसला, कुठे कोरडं राहिलं. मी त्यावरून पुन्हा बोट फिरवलं. यांनी ते पाहिलं. डब्यातली दोन्ही रसायनं मी सारखी मोजून कालवली आणि चमचा यांच्या हातात दिला. दोन थेंब फरशीवर पडले. हे थांबले आणि म्हणाले, "धर. तूच भर." ते डाग अजून फरशीवर आहेत. काही केल्या निघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीने ठोकल्यावर लोखंड अलगद सुटलं. आतली बैठक गुळगुळीत निघाली होती. हे त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "एक बुडबुडा नाही! वा वं, मास्तरीणबाई!" लग्नापासून यांनी माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

रेंजवर आधी यांनी गोळ्या झाडल्या. ताटभरच. मग यांच्याच हाताखाली शिकलेली आणि आता तिथेच शिकवणारी एक मुलगी होती, तिला हे म्हणाले, "तू मारून पाह्य जरा." तिने रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही जवळजवळ एकाच भोकात.

"सर, बंदूक तं एकदम भारी झाली!" ती ओरडली. मग तिने यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाळूची पिशवी सारखी करायला लागली.

हे दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग यांनी रायफल पेटीत ठेवली. पहिली कडी लागली. दुसरी काही केल्या लागेना. मी पुढे झाले नाही, ती मुलगीही झाली नाही. शेवटी ती कडी तशीच सोडून हे उभे राहिले.

"बंदूक ठीक हाय," हे म्हणाले. "लाव मंग डॉक्टरकडे नंबर."