हैदराबादवाली की नागपूरवाली

मांडवाचा खांब पडला आणि दोष गाडीला गेला. सगळं तिथून सुरू झालं.

जैनथकडच्या एका गावात लग्न होतं. मागच्या सीटवर नवरदेव, त्याच्या शेजारी करवली आणि गाडी चालवायला आमचे हे. आदिलाबादला आमचं कापसाचं जिनिंग आहे. सासऱ्यांच्या काळापासून घरची एक रीत आहे. ज्याचा कापूस आपल्या जिनात येतो, त्याच्या मुलाच्या लग्नात नवरदेव आपल्या गाडीतून जाणार, आणि ती गाडी ड्रायव्हर नाही, मालक स्वतः चालवणार. सासरे जीप न्यायचे. यांच्या काळात ती मोठ्या परदेशी कंपनीची लांबलचक सेडान झाली. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचा रस्ता तो केवढा, पण तेवढ्यासाठी हे सकाळपासून पांढरा सदरा घालून तयार. यांना कापसाच्या भावात फायदा झाला तरी एवढा आनंद होत नाही, जेवढा नवरदेवाला मांडवाशी उतरवताना होतो.

त्या दिवशी मांडवाजवळ वळताना गाडीची डावी बाजू खांबाला लागली. खांब आडवा झाला, वरचं कापड बँडवाल्यांच्या डोक्यावर आलं. कोणाला लागलं नाही. नवरदेवाचा बाप धावत आला आणि म्हणाला, "काई नाही मालक, गाडीच लय लांब हाये. आमच्या गल्लीत मावत नाही ते."

झालं, सगळ्यांनी तेच धरलं. पंगतीत बसले तर शेजारच्या बाया मला सांगायला लागल्या, "मालकीणबाई, गाडी बदला आता. मालकाचा हात तं चांगला हाये, गाडीच बेढब." मालकाची चूक मालकाला दाखवायची नाही, ही आमच्या भागातली सभ्यता. ज्यानं गाडी आणली, नवरदेवाला मान दिला, त्याला बोलायचं कसं? मग बोल लावायला गाडी बरी, ती बिचारी उलटून बोलत नाही. मलाही ते पटलं. घरी येईपर्यंत मी मनात गाडी विकून मोकळी झाले होते.

तसंही मला त्या गाडीचा कंटाळा आला होता. ती हैदराबादहून घेतलेली, म्हणून घरात तिचं नाव हैदराबादवाली. तिला सर्व्हिसिंगला न्यायचं म्हणजे निर्मल, कामारेड्डी करत अख्खा दिवस जायचा. ज्या दुसऱ्या कंपनीवर माझी नजर होती, तिचं शोरूम नागपूरला. पैनगंगा ओलांडली, पांढरकवडा, हिंगणघाट, की जेवणाच्या वेळेला नागपूर. म्हणून ती नागपूरवाली. आम्हा आदिलाबादच्या मराठी माणसांची गंमत अशी, की हैदराबादला गेलो तर ते आम्हाला नागपूरकडचे समजतात आणि नागपूरला गेलो तर हैदराबादकडचे. तेव्हा गाडी तरी कोणाची घ्यायची, हा प्रश्न आमच्याकडे वाटतो तितका सोपा नसतो.

मी दोघींची नीट तुलना केली. हैदराबादवालीची मागची सीट म्हणजे गादी-तक्क्याची बैठक. बसलं की उठावंसं वाटत नाही. नागपूरवाली मागे बसणाऱ्यासाठी केलेलीच नाही, ती चालवणाऱ्यासाठी केलेली. लांबीला थोडी कमी, वळते चटकन, आणि चारही बाजूंना कॅमेरे. पोट दोघींचंही खाली टेकलेलं, त्यामुळे खेड्यातले स्पीडब्रेकर दोघींनाही सारखेच वैरी. मला कॅमेरे पटले. मांडवाचा खांब पडद्यावर दिसला असता तर पुढचं झालंच नसतं, असं माझं साधं गणित.

यांच्यापुढे विषय काढला तर पालथ्या घड्यावर पाणी.

"घ्याची तं हेच घे," हे म्हणाले. "हेच कंपनी, हेच मॉडेल. नवी घे."

"काऊन? त्या दुसरीत काय वाईट हाये?"

"मले पटत नाही ते."

"काय पटत नाही तेवढं तं सांगा."

"नाही पटत म्हणजे नाही पटत."

मला नवल वाटलं. हा माणूस काही जुन्याला चिकटून बसणारा नाही. जिनाची यंत्रं यांनी दोनदा बदलली. फोन तर दर दिवाळीला बदलतो. चहाची पत्तीसुद्धा एका दुकानदाराकडून घेत नाही. आणि गाडीच्या कंपनीचं नाव काढलं की बैल अडावा तसा अडून बसतो. माझाही स्वभाव काही लोण्याचा नाही. मी ठरवलं, याचं कारण काढल्याशिवाय सोडायचं नाही.

कारण आपोआप समोर आलं. कापूस यायला लागला होता आणि जिनाच्या आवारात ट्रॅक्टरची दाटी झाली होती. गाडी बाहेर काढायला जागा व्हावी म्हणून मी डावा आरसा हाताने मिटला, आत यांच्या शेजारी बसले आणि उघडायचा विसरले. शहर मागे पडलं. हायवे सोडून जैनथच्या रस्त्याला लागलो, तरी आरसा मिटलेलाच. माझ्या ते ध्यानात आलं, सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. म्हटलं, पाहू तर खरं, यांना कधी कळतं.

कळलंच नाही. डावीकडून एक कापसाची बैलगाडी रस्त्यावर येत होती. घराएवढी उंच भरलेली, पांढरीशुभ्र. मला केव्हाची दिसत होती. यांनी वेग कमी केला नाही. मी ओरडले तेव्हा ब्रेक लागला आणि बैलांची शिंगं माझ्या काचेशी आली.

"हा काय मधातच आला," हे म्हणाले.

तो मधात आला नव्हता. मी यांच्याकडे पाहत बसले. मान ताठ, डोळे समोर, आणि हात आपले आपले चाललेले. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, तिकडे हात बरोबर गेला. एसीचं बटण, काच पुसायचं बटण, सगळं न पाहता. इतकी वर्षं मी त्याचं कौतुक करत आले, की काय सफाई आहे हाताला. त्या दिवशी ध्यानात आलं. हे गाडी पाहून चालवत नव्हते, पाठ असल्यासारखी चालवत होते. आणि दुसऱ्या कंपनीची गाडी यांना पाठ नव्हती.

तुळशीच्या लग्नानंतर आणखी एका नवरदेवाला गाडी द्यायचं कबूल केलं होतं. त्या गल्ल्यांत वरातीपुढे पोरं नाचतात. खांब पडला तर उभा करता येतो.

तिथेच ठरलं. गाडी बदलायची, कंपनीही बदलायची आणि चालवायची मी. हैदराबादवाली दारात उभी असेल तोवर हा माणूस चावी उचलणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंडावर विचारलं असतं तर "मले काय झालं?" एवढं एकच उत्तर मिळालं असतं. म्हणून मी विचारलं नाही. नागपूरच्या शोरूमला फोन केला, त्याच दिवसाची तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, यांना गाडी नुसती पाहून येऊ म्हटलं आणि त्या सकाळी यांच्या आधी जाऊन स्टिअरिंगशी बसले.

"हायवेवर चालवशीन?" हे म्हणाले.

"हायवे तं सरळच हाये."

गावात मी माझी लहान गाडी रोज चालवते, त्यामुळे नाही म्हणायला यांना तोंड नव्हतं. मागे जाऊन बसले, मालक बसतो तसे.

शोरूममधल्या साहेबांनी आदबीने उजवं दार यांच्यासाठी उघडलं. हे बसले आणि गाडी सुरू केली. गिअर टाकायला हात सवयीने स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला गेला, तर कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला. "सर, गिअर इधर है, बीच में," साहेब म्हणाले. हे मधे चाचपडायला लागले. एक बटण दाबलं तर रेडिओ वाजायला लागला. गिअर शोधायला यांना सगळी मान खाली, डावीकडे वळवावी लागली, तेव्हा कुठे तो सापडला. मी बाहेर उभी राहून पाहत होते आणि मला ते पाहवत नव्हतं. मग यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"मॅडम को दिखाओ," म्हणाले आणि उतरले.

मी चालवली. गाडी मला आवडली, हे सांगायला मी लाजत नाही. स्टिअरिंग हातात कसं भरीव लागलं, आणि वळवलं की तिथल्या तिथे वळलं. परत येऊन साहेबांना म्हटलं, संध्याकाळच्या आत सांगते.

आमच्या गाडीशी आले तर हे मागच्या दाराशी नुसते उभे.

"त्या गाडीत मी काय करू?" हे म्हणाले. "आपल्या गाडीत मले पाहा लागत नाही."

मी विचारलं, "कधीपासून?"

"मांगच्या हंगामापासून. समोरचं दिसते. डाव्या अंगाचं कोणं चादर टाकल्यावानी झालं हाये. उजवीकडचंई कमी कमी होऊन राह्यलं."

"अवो, मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू चावी घेतली असती."

"हो. घेतली असती."

"आता नाही घेऊन राह्यली?"

"आताई घेऊनच राह्यली."

मला भयंकर राग आला होता. ज्या माणसाच्या मागे नवरदेव बसतो, ज्याच्या शेजारी मी बसते, त्यानं हे असं पोटात ठेवावं. आणि रागाच्या खाली नुसती भीती होती, कारण यांना माझा चेहरा पुरता दिसतो की नाही, हेही मला आता ठाऊक नव्हतं. रागाने बोलायचं ते मी पार्किंगमध्येच बोलून घेतलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून राखता येईल. गाडी चालवणं आजपासून बंद. यांनी एकच विचारलं, "गावच्या गावात?" डॉक्टरांनी मान हलवली, नाही. बाहेर आल्यावर मी शोरूमला फोन लावला आणि गाडी पक्की केली. रंग कोणता, असं यांना विचारलं. "पांढरा घे," म्हणाले, "दिसाले बरा."

परतीला हे मागे बसले नाहीत. पुढे, माझ्या डाव्या हाताला येऊन बसले. लग्न झाल्यापासून असे आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो. मी ट्रक ओलांडायला लागले की यांचा पाय खाली ब्रेक शोधायचा, आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं करायचे.

पांढरकवड्याच्या पुढे फोन वाजला. तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्याकडे लग्न होतं, त्या मुलाचा बाप. गाडीच्या स्पीकरवर आवाज भरून आला.

"मालक, नवरदेवाच्या गाडीचं ध्यानात हाये नं? तुमच्याच हातची पाह्यजे बरं. पाहुण्याईले सांगून ठेवलं हाये."

मला बोलता आलं असतं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मी जीभ चावून गप्प राहिले. चावी मी घेतली होती, पण हे मला यांच्याकडून घेता येणार नव्हतं.

"मालक?"

"हाओ, आयकून राह्यलो," हे म्हणाले. "गाडी येईन. पण मालकीण चालवन. मले बाजूचं दिसत नाही आता. डॉक्टरनं मना केलं."

माणूस चांगला, पण असं काही ऐकायची त्याची तयारी नव्हती. मग त्याला जे सुचलं ते त्यानं विचारलं.

"मंग मालक, टोपी-दुपट्टा कोणाले द्याचा? गाडी चालवणाऱ्याचा मान असते तो."

हे स्पीकरकडे वाकले.

"टोपी-दुपट्टा मलेच दे," म्हणाले. "तिले गाडी देल्ली, आता तेवढं तं राहू दे माह्यापाशी."

तो हसला, हेही हसले, आणि फोन बंद झाला. मी रडत होते. डोळे पुसायला हात सोडला नाही, कारण पुढे पुलाचं वळण होतं आणि गाडीत रस्ता पाहणारी मी एकटीच होते.