ताटावरून परतलेलं ऊन

आजारपणात केस गेल्यापासून आई फोटो काढू देत नव्हती. मोबाइल दिसला की डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. केस पुन्हा यायला लागले, तरी ती सवय गेली नाही.

त्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. उकडत होतं म्हणून पदर खांद्यावर. ऊन थेट तिच्यावर येत नव्हतं. स्टीलच्या ताटावर पडून ते तिच्या हनुवटीवर, गालांवर परतत होतं आणि कोवळे, आखूड केस कडेने उजळत होते. हे ऊन रोज याच वेळी या खिडकीत येत असणार. मी मात्र चांगल्या फोटोसाठी कुठे कुठे हिंडत राहिले.

"आई, अशीच बस."

"नको गं. कशी दिसत असेन मी!"

"तूच बघून ठरव. नको वाटला तर काढून टाकते."

फोटो काढून मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिलं, बोटांनी चेहरा मोठा केला.

"तुझ्या मावशीला पाठव हा," ती म्हणाली. "म्हणावं, बरी आहे मी."