मधलं गाळायचं नाही

वसंता गेल्याचं त्याच्या पुतण्यानं फोनवर कळवलं तेव्हा, खरं सांगतो, मला आधी रडू नाही आलं, राग आला. आदल्याच रविवारी आम्ही फोनवर कडाकडा भांडलो होतो. दोन पिकल्या केसांच्या माणसांचं भांडण कशावरून, तर एका इटालियन गायकाच्या दुसऱ्या अल्बमवरून! "व्हायोलिनं घातली आणि सगळा चोथा केला त्यानं," वसंता म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नाही. त्यावर "तुला कळायला वेळ लागतो, पुढच्या रविवारी बोलू," म्हणून त्यानं फोन ठेवला. कुठला पुढचा रविवार! शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवून निघून जायची त्याची जुनीच खोड... आता मी उत्तर द्यायचं कुणाला?

सत्तरचं दशक सरता सरता आम्ही आखातात, दोह्यात, एकाच कंपनीत लागलो. अल सद्दमधल्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघे बिनबायकांचे राहत होतो. मी नाशिकचा, वसंता गोगटे गुहागरजवळच्या खेड्यातला. आमच्या साइटवर एक इटालियन वेल्डिंग सुपरवायझर होता. तो मायदेशी परतताना खोकंभर कॅसेट वसंताला देऊन गेला. त्यांच्याकडचे गायक, स्वतःच गाणी लिहिणारे आणि स्वतःच गिटार घेऊन म्हणणारे. झालं, आमचे सुट्टीचे शुक्रवार संपले. गायकांची नावं वसंताच्या जिभेला वळत नसत, म्हणून कव्हरवरच्या फोटोवरून त्यानं एकाला दाढीवाला केलं, दुसऱ्याला चष्मेवाला.

शुक्रवारी दुपारी पिठलं-भात झाला की एकेकानं आपली कॅसेट लावायची, अशी पद्धत होती. बाकीचे नाट्यगीतं लावत, भावगीतं लावत, आणि तिथंच आडवे होत. वसंताची पाळी आली की तो उठून आधी एसी बंद करायचा. त्या घरघरीत गिटार नीट ऐकू येत नाही म्हणून! जून महिना, दोह्याचा उन्हाळा, खिडकीला हात लावला तर चटका बसावा, आणि आम्ही घामाच्या धारांत बसून परक्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकतोय. उठायचं नाही, बोलायचं नाही, आवडलं नाही तरी मधलं गाणं गाळायचं नाही. "अल्बम म्हणजे मैफल असते, अरविंद. मधूनच उठतोस का तू मैफलीतून?" आणि वर मतं. दाढीवाल्याचा पहिला अल्बम म्हणजे माणूस ओटीवर बसून स्वतःशी बोलतोय. दुसऱ्यात त्याला पैशेवाल्यांनी बिघडवला. चष्मेवाला स्वतःच्याच आवाजावर खूश. "अरे, एक शब्द कळत नाही तुला, मतं कसली देतोस?" मी ओरडायचो. तो शांतपणे म्हणायचा, "तराण्याचा अर्थ विचारलास कधी?" मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसायचो.

त्या काळात फोन महाग होता, म्हणून लोक घरी बोलून भरलेल्या कॅसेट पाठवत. कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत खजुरांबरोबर सगळ्यांच्या कॅसेट. वसंतानं त्यातही आपला हेका सोडला नाही. अख्खा इटालियन अल्बम तो कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी जी जागा उरेल तेवढ्यात आईशी बोलायचा. एकदा मीच ती कॅसेट घेऊन गेलो. आई घरात एकटी. मला वाटलं, म्हातारीला मुलाचा आवाज लवकर ऐकू द्यावा, म्हणून मी कॅसेट पुढे पळवायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. "राहू दे हो. वसंता म्हणतो, मधलं गाळायचं नाही." सबंध ऐकली तिनं, वाती वळत. मग म्हणाली, "मागच्या वेळचा तो दाढीवाला मेला बरा गातो. ह्या चष्मेवाल्याला पडसं झालंय का रे?"

परत आल्यावर वसंतानं काय विचारावं? आईचे गुडघे कसे आहेत, हे नाही. "चष्मेवाल्याबद्दल काय म्हणाली?" मी भडकलोच. "जाऊन ये आधी! ती एकटी बसून तुझी ती रडगाणी ऐकते." "जातो रे. प्लँटचा शटडाउन होऊ दे. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." त्याचं पुढचं वर्ष यायच्या आत आई गेली. दाढीवाल्याच्या दुसऱ्या अल्बमची कॅसेट तेव्हा वाटेतच होती. ती न ऐकताच परत आली, शिवलेल्या कापडी पुडक्यातच. त्यानंतर कितीतरी शुक्रवार आमचा एसी चालू राहिला, आणि मला तो सहन होईना. पुढे वसंताचं तोंड पुन्हा सुरू झालं, पण भांडायला घ्यायचा तो तोच एक अल्बम. नोकऱ्या संपल्या, मी पुण्याला आलो, तो गावी गेला, तरी दर रविवारी तेच.

मागच्या आठवड्यात पुतण्या ते पुडकं मला देऊन गेला. शिवण तशीच होती. मी ती उसवली, जुना टेपरेकॉर्डर काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, फॉरवर्ड करा ना, काकांचा आवाज शेवटीच आहे ना?" मी तिचा हात धरला. पंखा बंद केला. दोन्ही बाजू ऐकल्या, तीच व्हायोलिनं, तोच दाढीवाला... मग नुसती खरखर, आणि खाकरून वसंता बोलला, तरुण आवाजात.

"आई, ऐकलंस सगळं? व्हायोलिनं जास्त झाली की नाही? खरं सांग हां. मी आलो की समोर बसून भांडू."

पुढं कोरी टेप फिरत राहिली. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नाही झाली," मी मोठ्यानं म्हणालो. "अजिबात जास्त नाही झाली, वसंता."