वंदना घेणारा आवाज

आईचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही, तिलाही ते पटलं नसतं. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीनच्या धडधडीवरून हाका मारून कमावलेला आवाज तो. पण रविवारी आमच्या विहारात ती वंदना घ्यायला उभी राहिली की पार दारातल्या चपलांपर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. ती एक ओळ म्हणणार, मग सगळे तीच ओळ म्हणणार. कुणी घाई केली की डोळे वटारायची. "मी म्हनते तेवडंच म्हनायचं. फुडं पळायचं नाय." मोठी माणसंसुद्धा वचकून असत.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तो आवाज गेला. नस दुखावली आणि घशातल्या दोन स्वरतंतूंपैकी डावा हलेनासा झाला. दोन्ही जुळले की आवाज होतो. तिचे जुळेनात, नुसती हवा निसटायची. भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी बाई बोटांनी भाव करू लागली. मला ते बघवायचं नाही, मग मीच भाजीवाल्यावर खेकसायचे.

एका इस्पितळात अशा आवाजांवर संशोधन चालू होतं, त्यात मी आईचं नाव घातलं. न हलणाऱ्या तंतूत इंजेक्शन देऊन तो मधे सरकवायचा, मग व्यायाम. दर खेपेला बंद खोलीत माइकसमोर लांब 'आ' म्हणायचा. आईने श्वास गोळा करून तिथल्या डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "वंदना घेता येल ना?"

"बोलता येईल असं वाटतं, काकी. वंदनेचं मात्र मी आत्ता नाही सांगू शकत."

आईने पहिलं वाक्यच ऐकलं. त्या दिवसापासून पेल्यात पाणी घेऊन नळीने गुणगुणत बुडबुडे काढत बसायची. "ल्हान पोर झाले बग," म्हणायची आणि हसायची. त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

काही महिन्यांनी 'आ' लांबला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या रेघा दाखवल्या, आधीची थरथरती, आताची बरीच सरळ. आई फोनवर बोलू लागली. मी पेढे वाटले.

बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती विहारात पुढे उभी राहिली. हॉल गच्च भरलेला. आवाज नको म्हणून मी पंखे बंद करायला लावले. त्रिशरणाच्या पहिल्या ओळीचे दोन शब्द आले. पहिल्यासारखे नाहीत, पण आले. तिसऱ्याला आवाज फाटला आणि नुसती हवा उरली.

हॉलने ते दोन शब्द म्हटले आणि हॉल थांबला. तिसरा शब्द कुणाला येत नव्हता असं नाही, पोराटोरांनाही पाठ होता. पण शिस्त तिनेच लावलेली. सगळे हात जोडून, आदराने, तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मीसुद्धा. कुणीतरी पुढे पळा रे, असं माझं मन ओरडत होतं आणि माझ्याच तोंडून शब्द फुटत नव्हता.

तिने पुन्हा ओठ हलवले. काहीच आलं नाही. मग तिने माझ्याकडे बघून हाताने खूण केली, तू ये.

मी पुढे गेले. ती खाली मुलांच्या रांगेत जाऊन बसली. मी ओळ म्हटली, अख्ख्या हॉलने म्हटली. आईचे ओठ माझ्यामागून हलत होते, मी म्हटलं तेवढंच.