दत्तारामाची गाठ

दत्ताराम जाळं दुरुस्त करायला बसला की पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा पदर अडकवायचा आणि तास तास हलायचा नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात मी चाळीस वर्षं तांडेल होतो, बोट माझ्या हुकमावर चालायची. पण जाळ्याच्या बाबतीत हुकूम त्याचा. गाठ मारली की दातात धरून ओढून बघायचा. भोक दिसलं की आधी तिथे लाल दोरा बांधायचा. म्हणायचा, "भोक असणं हा गुन्हा नाय तांडेल, लपवणं गुन्हा."

एकदा घाईत मी फाटकं जाळं तसंच गुंडाळून ठेवलं. सकाळी दत्ताराम चारचौघांत उभा राहून ओरडला, "लपवलंत? माझ्यापासून?" माझ्या खलाशांसमोर! मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी चहा घेऊन आला. "रागावलात तरी जाळं माझ्याकडेच आणणार," म्हणाला. आणलंच.

मग एका सकाळी त्याच्या हातातली सुई गळून पडली. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. तासाभरात सगळं जाग्यावर आलं. चिपळूणला मास्तरीण असलेली त्याची लेक सुरेखा धावत आली, त्याला दवाखान्यात घेऊन गेली. पंधरा दिवसांनी दत्ताराम डॉक्टरांचा कागद घेऊन बंदरावर हजर.

"वाचा तांडेल. थकवा लिहिलाय, दुसरं काय नाय."

कागद इंग्रजी. मी दुसरी शिकलेला, मराठी अक्षरंसुद्धा जेमतेम लागायची. पण आजूबाजूला पाच-सहा जण बसलेले. मी चष्मा पुसला, कागद खालीवर बघितला आणि म्हटलं, "बरोबर आहे. थकवाच. शहाळं पी."

"तांडेलांनी वाचलं म्हणजे झालं," असं म्हणून त्याने कागद घडी करून खिशात घातला.

त्यानंतर आठ महिन्यांनी, भर दुपारी, अंगठ्यात जाळं असतानाच तो आडवा झाला. दोन दिवस दवाखान्यात होता, तिथेच गेला. जाळं मीच त्याच्या पायातून सोडवलं होतं.

तेराव्यानंतर सुरेखा तोच कागद घेऊन माझ्या ओटीवर आली आणि सांगू लागली. काळजाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मधे म्हणे आईच्या पोटात प्रत्येकाला भोक असतं. जन्मल्यावर बुजतं. कितीतरी लोकांचं बुजत नाही, त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. ह्याचंही बुजलं नव्हतं. पायात धरलेली रक्ताची गाठ सुटली, त्या भोकातून वर गेली आणि मेंदूची शीर बंद पडली. पहिल्या वेळी तेच झालं होतं. तेव्हाच डॉक्टर म्हणालेले, पायाच्या शिरेतून नळी घालून भोक बुजवून टाकू. ते ह्याने टाळत नेलं. गोळ्याही दिलेल्या. त्या ह्याने दोन महिन्यांत सोडल्या.

"मी दर रविवारी फोनवर भांडायचे, काका. बाबा म्हणायचे, तांडेलांनी स्वतः वाचलंय, घाई नाय म्हणाले. म्हणून मी गप्प बसले." तिने डोळे माझ्यावर रोखले. "तुम्ही वाचलं होतंत ना?"

बाहत्तर वर्षांत जे कुणाला सांगितलं नाही, ते त्या पोरीला सांगावं लागलं. "मला वाचता येत नाय गो."

माझी सगळी कागदपत्रं तोच हळूच वाचून दाखवायचा. अख्ख्या बंदरात हे, मी न सांगताही, त्या एकट्यालाच ठाऊक होतं. आणि माझ्या त्या न वाचण्याच्याच आड लपला मेला.